पत्र दिलं, पुढे काय? आमदारांच्या ग्रामीण कार्यालयाचा आठवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ग्रामीण मतदारसंघातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या आमदारांकडे तुम्ही काही महिन्यांपासून स्वीय सहायक आहात. मतदारसंघ दोन तालुक्यांत पसरलेला आहे. सकाळी सातपासून दारात माणसं असतात, दिवसाला तीस-चाळीस पत्रं निघतात, साहेबांचा आठवडा लग्नं, दहावे, भूमिपूजनं आणि मुंबईच्या फेऱ्यांत संपतो. तरी पंधरा दिवसांनी तीच माणसं त्याच कामासाठी पुन्हा उभी असतात. म्हणून आठवड्याचं वेळापत्रक कसं लावावं, असं तुम्ही विचारलंय.

वेळापत्रक सांगतो, पण त्याने तुमचा प्रश्न सुटेल असं वाटत नाही. तुमच्याकडे वेळ कमी नाही, पत्राला काम समजण्याची सवय लागली आहे. लेटरहेडवर सही झाली, माणूस खूश होऊन गेला, की तुमच्या वहीत ते काम संपतं. त्या पत्राचं पुढे काय होतं? तहसील कार्यालयाच्या आवक टेबलावर शिक्का बसतो, संबंधित लिपिकाकडे जातं, आणि त्याला जोडायला मूळ अर्जच सापडत नसेल तर तिथेच पडून राहतं. आठवडा माणसांच्या येण्याजाण्यावर न बांधता फायलींच्या मागे बांधायला हवा.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच मान्य करतो. आमदार सत्ताधारी बाकावर आहेत की विरोधी, यावर निधीची कामं बरीच ठरतात. मतदारसंघापासून मुंबई एका रात्रीच्या प्रवासावर आहे की तीन तासांवर, यावर मधले दिवस ठरतात. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीत निवडून आलेले सदस्य आहेत की प्रशासक, हेही पाहावं लागतं. २०२२ नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासक होते, तेव्हा गटारापासून शाळेच्या पत्र्यापर्यंत सगळा ओघ आमदारांच्या दारी वळला. ती सवय लोकांना अजून आहे. पण खाली जे सांगतो ते सत्तेत असा वा नसा, बहुतांशी लागू पडतं.

सुरुवात दारातल्या चाळणीपासून करा. आलेल्या माणसाला ‘काय काम आहे’ एवढंच विचारून भागत नाही. स्वतःला विचारा, या कामाचा निर्णय कोणाच्या सहीने होतो? आमदारांकडे येणाऱ्या कामांत फार थोड्या कामांचा निर्णय आमदारांच्या हातात असतो. रस्ता खराब आहे, अशी तक्रार घ्या. तो रस्ता राज्य महामार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग किंवा ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. शेतात जाणारा पाणंद रस्ता असेल तर प्रकरण महसूल किंवा रोजगार हमीकडे जातं. तीन रस्त्यांची तीन वेगळी दारं. चुकीच्या दारी पत्र गेलं की महिनाभराने ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ असं छापील उत्तर येतं आणि तो महिना वाया जातो. म्हणून दोन्ही तालुक्यांच्या रस्त्यांची यादी, प्रत्येक रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक लिहून, कार्यालयाच्या भिंतीवर लावा. ज्या रस्त्याला क्रमांकच नाही त्यावर बहुतेक लेखाशीर्षांतून (सरकारी खर्चाच्या ठरलेल्या खात्यांतून) पैसा खर्च करता येत नाही. तिथे दुरुस्तीचं पत्र देण्याआधी रस्ता योजनेत घेण्याचा किंवा त्याच्या दर्जोन्नतीचा प्रस्ताव लागतो.

शेतरस्त्यांवर थोडा थांबतो, कारण ग्रामीण कार्यालयात सर्वांत जास्त चिघळणारा विषय हाच. यात कायद्याची दोन दारं आहेत आणि लोक हमखास चुकीचं ठोठावतात. पूर्वीपासून वहिवाटीचा रस्ता होता आणि शेजाऱ्याने तो अडवला, तर तहसीलदारांकडे मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा करायचा. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नव्हता, आता शेतात जायला नवा हवा, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्त्याची मागणी करायची. जुना रस्ता अडवलेला असताना कलम १४३ चा अर्ज केला, तर ‘आधी रस्ता होता’ हे सिद्ध करण्याचा सगळा जोर फुकट जातो आणि तोवर सहा महिने उलटून गेलेले असतात. तुमच्याकडे माणूस आला की पहिला प्रश्न हाच विचारा, ‘रस्ता कधी अडवला?’ तारीख सहा महिन्यांच्या कडेला असेल तर पत्र बाजूला ठेवा, आधी वकिलाकडे किंवा तहसीलला पाठवा. दाव्यासोबत दोन्ही गटांचे सातबारे, गटाचा नकाशा, रस्त्याचा कच्चा नकाशा आणि लगतच्या शेतकऱ्यांची नावं-पत्ते हवेतच. एका लगतदाराचं नाव सुटलं तरी नोटिशीवरून तारखा वाढतात. निकाल बाजूने लागला तरी तिथे थांबू नका. रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात झाली का ते बघा, नाहीतर जमीन विकली गेली की नवा मालक पुन्हा काटे टाकतो.

इथे एक मर्यादा काटेकोर पाळा. तहसीलदार, प्रांत अधिकारी अशा प्रकरणांत न्यायाधीशासारखे बसतात. ‘अमुक याच्या बाजूने निर्णय द्यावा’ असं पत्र आमदारांनी कधीही देऊ नये. ते पत्र विरुद्ध पक्ष अपिलात जोडतो, आणि निर्णय योग्य असला तरी संशयात सापडतो. शिवाय दोन्ही पक्ष तुमच्याच मतदारसंघातले असतात. पत्रात एवढंच मागा: सुनावणी लवकर लावावी, स्थळपाहणी करावी, आदेशाची अंमलबजावणी करावी. फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या, तक्रारींनाही हेच लागू. फेरफार मंजूर झाला असेल आणि तो चुकीचा वाटत असेल तर रस्ता अपिलाचा आहे, प्रांताकडे, साधारण साठ दिवसांत. नुसती लेखनातली चूक असेल, म्हणजे नाव, क्षेत्र किंवा आडनावातला अनुस्वार, तर महसूल संहितेच्याच कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज. यात आमदारांच्या पत्राची गरज बहुधा नसतेच.

आता वीज. ‘डीपी जळाली’, म्हणजे गावाचं किंवा शेताचं वीज रोहित्र जळालं, हा फोन रब्बीत दिवसाला चार वेळा येईल. फोन घेणाऱ्या मुलाला चार गोष्टी लिहून घ्यायला शिकवा: गाव आणि डीपीचं नाव, क्षमता किती केव्हीए, त्यावरच्या एका शेतकऱ्याचा ग्राहक क्रमांक, आणि जळाल्याची तारीख. ग्राहक क्रमांक दिला की शाखा अभियंत्याला डीपी शोधावी लागत नाही. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र बदलून देण्यासाठी वीज कंपनीला लागू असलेल्या कृतिमानकांत ४८ तास दिलेले आहेत, म्हणून १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतलेला बरा. घड्याळ तिथून सुरू होतं. पण एकच डीपी हंगामात तीनदा जळत असेल तर चौथ्यांदा बदलून मिळवणं हे तुमचं यश नाही. १०० केव्हीएच्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे वीसच्या आत पंप चालावेत. तिथे पस्तीस चालत असतील तर ते जळणारच, कितीही नवं आणा. त्यातच फ्यूजच्या जागी जाड तार आणि कोरडं पडलेलं अर्थिंग. अशा ठिकाणी मागणी जास्तीच्या रोहित्राची किंवा क्षमतावाढीची करा. त्यासाठी अभियंत्याकडून भाराची पाहणी करून अंदाजपत्रक घ्या आणि ते जिल्हा नियोजनात टाका. आणि हो, तारांवर आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांचा विषय निघाला की सभा तापते. तो विषय साहेबांनी नव्हे, गावातल्या वजनदार माणसाने काढावा.

रात्रीचा दवाखान्याचा फोन वेगळ्या जातीचा. त्यात पत्राचा नव्हे, क्रमाचा उपयोग. रुग्ण कोणत्या रुग्णालयात आहे, रेशनकार्ड आणि आधार हाताशी आहे का, पैसे भरलेत का, हे तीन प्रश्न आधी विचारा. रुग्णालय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल आणि उपचार योजनेच्या यादीत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राकडे आत्ताच नोंदणी करायला सांगा. ही योजना रोकडविरहित आहे, त्यामुळे आधी पैसे भरून नंतर परत मागायचा विचार करणारा घरचा माणूस फसतो. योजनेत बसत नसेल तर रुग्णालय धर्मादाय आहे का ते पाहा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून गावाकडच्या कोणाला तरी सकाळी तहसीलला पाठवून ठेवा. या दोन्हींतून उरलं तर मुख्यमंत्री सहायता निधी. त्याला रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, वैद्यकीय अहवाल, आधार, रेशनकार्ड, १ लाख ६० हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलचा दाखला, आणि अपघात असेल तर पोलिसांची कागदपत्रं लागतात. मदत रुग्णालयाच्या खात्यावर जाते, म्हणून सुट्टी होऊन घरी आल्यावर अर्ज करून उपयोग नसतो. आमदारांचं शिफारसपत्र नसलं तरी अर्ज करता येतो, हे लोकांना सांगा. ते सांगितल्याने आमदार लहान होत नाहीत.

अतिवृष्टीत तुमचं कार्यालय बंद पाडायला एकच वाक्य पुरतं: ‘शेजारच्या गावाला मिळालं, आम्हाला का नाही?’ उत्तर बहुतेक वेळा महसूल मंडळात असतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि तो मंडळाच्या पर्जन्यमापकावर मोजला जातो, गावाच्या शिवारात नाही. तुमचं गाव ज्या मंडळात आहे तिथे ५८ मिलिमीटर पडला आणि ओढ्यापलीकडच्या मंडळात ७०, तर पलीकडची यादी आधी निघते. अशा वेळी ‘मदत द्या’ असं मोघम पत्र देऊ नका. प्रत्यक्ष नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे, सबब पंचनामे करावेत, अशी नेमकी मागणी गावांच्या नावांसह तहसीलदारांकडे द्या. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून पंचनामा करतात. तिघांपैकी एक जरी रजेवर असला तरी गाव मागे पडतं, म्हणून ते त्याच दिवशी कळायला हवं.

यादी वर गेल्यावर पैसे का आले नाहीत, याची कारणंही ठरलेली असतात. सामाईक खातं असून बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र दिलेलं नाही. मदतीच्या यादीतला शेतकऱ्याचा विशिष्ट क्रमांक आला पण सेतू केंद्रात जाऊन ई-केवायसी केली नाही. आधार ज्या बँकेला जोडलंय ते खातंच बंद आहे. खातेदार मयत आहे आणि वारसनोंद झालेली नाही. गावात जाऊन भाषण करण्यापेक्षा तलाठ्याकडून ई-केवायसी बाकी असलेल्यांची यादी घ्या आणि गावच्या ग्रुपवर टाका. निम्मी गर्दी त्याने कमी होते. पीकविमा या सगळ्याहून वेगळा, त्याचे निकष हंगामागणिक बदलतात. त्या हंगामाचा शासन निर्णय छापून टेबलावर ठेवा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर उत्तर देऊ नका.

निराधार योजना, रेशन, घरकुल ही तिसरी मोठी रांग. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेत २१ हजारांच्या उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि आधारशी जोडलेलं खातं यांत बहुतेक अर्ज अडकतात. तालुका समितीची बैठक झाली नाही म्हणूनही अडकतात, आणि तिथे मात्र आमदारांचा थेट उपयोग आहे: बैठकीची तारीख लावून घ्या. रेशनमध्ये लोकांना वाटतं पुरवठा निरीक्षक मुद्दाम नाव घालत नाही. अनेकदा तालुक्याचा इष्टांकच, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्याच, भरलेली असते. मयत आणि स्थलांतरितांची नावं कमी झाली की जागा होते, म्हणून मागणी शोधमोहिमेची करा. घरकुलाच्या यादीत आमदार नाव घालू शकत नाहीत, ही गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. मंजूर घरकुलाचा हप्ता थांबला असेल तर त्याचं कारण मात्र शोधता येतं. बहुधा फोटो चढवलेला नसतो किंवा खात्याचा क्रमांक चुकलेला असतो.

इथवरच्या सगळ्या कामांत एक धागा आहे. नागरिकाचा स्वतःचा अर्ज आधी, त्याचा पोच क्रमांक हातात, आणि मग आमदारांचं पत्र. दाखल्यांसारख्या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये अधिसूचित आहेत, त्यांना मुदत आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही तर तीस दिवसांत प्रथम अपील करता येतं. पत्रापेक्षा हे अपील लिपिकाला जास्त टोचतं, कारण त्याचा हिशेब ठेवला जातो. सरकारी कर्मचाऱ्याने फाइल साधारण सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त अडवू नये, अशी तरतूद २००५ च्या बदल्या व दप्तरदिरंगाईच्या कायद्यात आहे. ती पत्रात मुरब्बीपणे, एकाच वाक्यात आणावी. प्रत्येक पत्रात आणली तर तिची धार जाते.

पत्र कसं लिहायचं, तेही बघा. एका पत्रात एकच विषय. विषयाच्या ओळीत गाव, गट क्रमांक किंवा रस्त्याचा क्रमांक. संदर्भात नागरिकाच्या अर्जाची तारीख आणि पोच क्रमांक. शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं कधीच लिहू नका, कारण त्याला ‘योग्य ती कार्यवाही केली आहे’ हे उत्तर पुरतं. ‘स्थळपाहणी करून अहवाल द्यावा’, ‘अंदाजपत्रक सादर करावं’, ‘सुनावणीची तारीख कळवावी’ असं काहीतरी मागा जे झालं की नाही हे बघता येईल. लोकप्रतिनिधींच्या पत्रांची स्वतंत्र नोंद ठेवून उत्तर देण्याचे शासनाचे आदेश आहेत, पण नोंद झाली का ते बघायला तुमचाच माणूस जातो. तुमच्या वहीत जावक क्रमांकाशेजारी त्यांच्या आवक क्रमांकाचा रकाना ठेवा. तो रकाना रिकामा असेल तर पत्र पोचलेलं नाही असं धरा. आणि ‘सद्यस्थिती’ असा रकाना काढून टाका, त्याजागी ‘पुढची तारीख’ ठेवा. सद्यस्थितीत सगळे ‘प्रलंबित’ लिहितात आणि झोपतात. पुढची तारीख लिहिली की त्या दिवशी कोणीतरी फोन करतोच.

निधीच्या कामांत गफलत बहुतेक क्रमाची होते. आमदार स्थानिक विकास निधी २०२२ मध्ये वर्षाला पाच कोटी झाला, हे गावोगावी माहीत आहे. तो आमदारांच्या खिशात नसतो, हे माहीत नाही. आमदार काम सुचवतात, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, काम यंत्रणा करते. सुचवण्याच्या पत्रासोबत ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा नमुना ८ (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा उतारा) किंवा सातबारा, त्या जागी हे काम आधी झालेलं नसल्याचा दाखला, देखभालीची हमी आणि शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक गेलं तर प्रशासकीय मान्यता पहिल्या फेरीत मिळते. नाहीतर त्रुटीचं पत्र, पूर्तता, पुन्हा त्रुटी. मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. सर्वांत जास्त कामं जागेवर मरतात. सभामंडपाची जागा ग्रामपंचायतीची समजून नारळ फोडला आणि सातबाऱ्यावर खासगी नाव निघालं, असं होतं. म्हणून नारळाची तारीख कार्यारंभ आदेश हातात आल्यावरच द्या, सरपंच कितीही मागे लागला तरी.

कामं एप्रिल-मेमध्येच सुचवा. पावसाळ्यात अंदाजपत्रकं आणि मान्यता होतात, दिवाळीनंतर काम उभं राहतं. जानेवारीत सुचवलेलं काम मार्चअखेरच्या गर्दीत सापडतं, आणि मधे एखादी आचारसंहिता लागली की वर्षच जातं. ग्रामविकास विभागाच्या २५१५ लेखाशीर्षाची कामं आणि जिल्हा नियोजनातली ३०५४, ५०५४ ची रस्त्यांची कामं यांच्या याद्या वेगवेगळ्या ठेवा. एकच काम दोन ठिकाणी सुचवलं गेलं की एकातून रद्द करायला दुप्पट वेळ जातो.

आता आठवडा. राज्य सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे, हे लक्षात ठेवलं की अर्धं वेळापत्रक आपोआप लागतं. शनिवार-रविवार गावांना द्या: लग्नं, दहावे, भेटी, पाहण्या. अधिकारी टेबलावर असतात ते दिवस उद्घाटनांत घालवू नका. सोमवारी सकाळी लोकांच्या भेटी ठेवा आणि दुपारी तुम्ही स्वतः वहीतल्या त्या आठवड्याच्या तारखा काढा. पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन असतो, जुनी रखडलेली प्रकरणं तिथे नागरिकाच्याच नावाने लावता येतात. मंगळवार-बुधवार मंत्रालय, कारण मंत्रिमंडळ बैठकीच्या आसपास मंत्री मुंबईत सापडतात. गुरुवार एका तालुक्याला, पुढचा गुरुवार दुसऱ्याला: तहसीलदार, गटविकास अधिकारी, महावितरण आणि दोन्ही बांधकाम विभागांचे अभियंते एकाच टेबलाला, दोन तास, आधी पाठवलेल्या यादीवर. यादी वीस विषयांच्या वर नेऊ नका, आणि बैठकीचं टिपण त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवा. शुक्रवार पत्रांचा आणि पाठपुराव्याचा. एखादी मयत झाली किंवा गारपीट आली की हे सगळं मोडतं. मोडू द्या, गुरुवार तेवढा वाचवा.

मंत्रालयात साहेबांनी मंत्र्यांकडून पत्रावर शेरा घेतला की कार्यकर्ते काम झालं म्हणून फोटो टाकतात. शेरा नीट वाचा. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे फारसं काही नाही. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे फाइल तयार होऊन परत मंत्र्यांकडे यायला हवी, आणि याच शेऱ्यामागे धावण्यात अर्थ आहे. ते पत्र कोणत्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर गेलं हे त्याच दिवशी विचारून घ्या. पुढचा प्रवास कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असा चढतो. बहुतेक वेळा जिल्ह्याकडून अहवाल मागवला जातो आणि फाइल तिथेच थांबते. त्यामुळे मुंबईत अडलंय असं वाटणारं काम सोडवायला गुरुवारची तालुक्याची बैठक जास्त कामाला येते. ही गोष्ट उमगायला नव्या कार्यालयांना फार वेळ लागतो.

अधिवेशनाचे आठवडे वेगळे. मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी, नागपूरला हिवाळी. त्या काळात मतदारसंघाचं कार्यालय तुमच्यावर असतं, पण खरी तयारी महिनाभर आधीची आहे, कारण तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) ठरलेल्या तारखांत आधीच द्यावे लागतात. प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्न पुकारला जाईल की नाही, याची फार चिंता करू नका. प्रश्न स्वीकारला गेला की विभागाला जिल्ह्याकडून सहीनिशी माहिती मागवावी लागते, आणि कित्येक कामं त्या माहितीच्या धास्तीनेच हलतात.

मात्र प्रश्न ‘हे खरे आहे काय’ या साच्यात जातो, आणि पहिल्या भागातला तपशील चुकला की उत्तर येतं ‘हे खरे नाही’, आणि पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. पुलाचं काम मार्चपासून बंद आहे असं लिहिलं आणि ते एप्रिलपासून बंद असेल, तर संपलं. म्हणून तारीख कार्यालयातल्या कागदावरून घ्या, गावातल्या आठवणीवरून नको. एका गावाची तक्रार लक्षवेधीत, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेत, टिकणं कठीण. तोच प्रश्न तालुक्यातल्या अकरा पाणीयोजनांचा म्हणून मांडला तर वजन येतं. मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत करू’ म्हटलं की कार्यवृत्तातला तो भाग काढून फाइलला लावा. अशी आश्वासनं आश्वासन समितीकडे जातात आणि पाठपुराव्याला हाच सर्वांत भक्कम कागद असतो.

शेवटी नाही म्हणायची कामं. बदल्यांची गर्दी एप्रिल-मेमध्ये सुरू होईल. कर्मचाऱ्याने बदलीसाठी राजकीय दबाव आणणं १९७९ च्या वर्तणूक नियमांतल्या नियम २३ चा भंग ठरतं, म्हणजे तुमचं पत्र त्याच्याच विरुद्ध लागू शकतं. त्याला हे समजावून सांगितलं की निम्मे स्वतःहून थांबतात. पोलीस ठाण्यात ‘गुन्हा घेऊ नका’ असा फोन नको, ‘तक्रार नोंदवून घ्या’ असा चालतो. आणि ज्याचं काम होणार नाही त्याला तोंडावर नाही सांगायला साहेबांना जमत नसेल, तर ते तुम्ही सांगा, पत्र न देता, कारणासह. तो माणूस रागावून जाईल. पण खोटं पत्र घेऊन सहा चकरा मारून परत आलेला माणूस याहून जास्त रागावतो, आणि तो एकटा येत नाही.

सध्या तुमच्या वहीत पाचशे-सहाशे नोंदी उघड्या असतील. त्या सगळ्यांना एकदम हात घालू नका. या सोमवारी फक्त आवक क्रमांकाचा रकाना भरायला दोन माणसं दोन तालुक्यांत पाठवा. किती पत्रं पोचलीच नाहीत, हे संध्याकाळी कळेल. कामाची सुरुवात त्या आकड्यापासून करा.